गेमिंग माऊस घ्यायला येण्याआधी एवढं वाचा

आमच्या काउंटरवर रोजचा पहिला प्रश्न असतो, "सगळ्यात जास्त डीपीआयवाला माऊस कुठला?" आणि आठवड्याने तोच माणूस खोका घेऊन परत येतो तेव्हाचा प्रश्न असतो, "बदलून मिळेल का, हातात बसत नाहीये." या दोन प्रश्नांचा एकमेकांशी थेट संबंध आहे, म्हणून हे पत्रक छापलंय. शनिवारी लॅमिंग्टन रोडवर उभं राहायला जागा नसते, दुकानात त्याहून गर्दी, तेव्हा प्रत्येकाला बसून समजावणं जमत नाही आणि अर्धवट सांगितलं की तुमचेच पैसे अडकतात.

आधी डीपीआयचं मिटवून टाकू. माऊस एक इंच सरकला की कम्प्युटरला किती काउंट पाठवतो, तो आकडा म्हणजे डीपीआय. बस, एवढंच. माऊस किती अचूक आहे हे त्यात कुठेच येत नाही. हिशोबच करून बघा ना, मॉनिटर १९२० पिक्सेल रुंदीचा आहे आणि विंडोजमधला स्पीड मधल्या खुणेवर आहे, तर ८०० डीपीआयला कर्सर या टोकापासून त्या टोकाला न्यायला माऊस २.४ इंच, म्हणजे साधारण ६ सेंटिमीटर सरकवावा लागतो. तोच माऊस २६,००० वर ठेवला तर २ मिलिमीटरपेक्षा कमी! म्हणजे बोट थरथरलं तरी कर्सर भिंतीला जाऊन धडकणार. असा कोण खेळणार?

व्हॅलोरंट हा नेमबाजीचा गेम खेळणारी पोरं जास्त येतात म्हणून त्यांच्यासाठी सांगतो. ८०० डीपीआय आणि गेममधली सेन्सिटिव्हिटी ०.३५ ठेवली तर गेममध्ये एक पूर्ण गिरकी घ्यायला माऊस ४६-४७ सेंटिमीटर सरकवावा लागतो. काउंटर-स्ट्राइक २ या तशाच गेममध्ये ८०० डीपीआय आणि सेन्सिटिव्हिटी १ ठेवली तर ५२ सेंटिमीटर. नेम धरून खेळणारे बरेच जण याच आसपास असतात, ४०० ते १६०० डीपीआयमध्ये. म्हणजे तुम्हाला लागणारा आकडा दीड-दोन हजार रुपयांच्या माऊसमध्येसुद्धा आरामात मिळतो, २५-३० हजार डीपीआयवाल्या आकड्याचे जास्तीचे पैसे द्यायची गरजच नाही. उलट अगदी स्वस्त, नाव न ऐकलेल्या माऊसच्या खोक्यावर जो मोठा आकडा असतो तो बऱ्याचदा सेन्सरचा (माऊसची हालचाल वाचणाऱ्या आतल्या भागाचा) खरा आकडाच नसतो, सेन्सर जेवढं वाचतो त्याच्या मधले काउंट हिशोबाने भरून आकडा फुगवलेला असतो. सातशे रुपयाच्या माऊसवर मोठा डीपीआय दिसला की आनंद मानू नका, शंका घ्या.

मग सेन्सरमध्ये बघायचं काय? सेन्सरचं नाव बघा आणि तो जोरात झटका दिल्यावर टिकतो का ते बघा. पिक्सआर्ट या सेन्सर बनवणाऱ्या कंपनीचा ३३६० होता तो २५० इंच प्रति सेकंदापर्यंत धरायचा, आताचा ३३९५ धरतो ६५०. माणसाचा हात ६५० पर्यंत जातच नाही. त्यामुळे ओळखीचा, चांगला सेन्सर असेल तर त्याच्या पुढची चढाओढ तुमच्या खेळात दिसत नाही. लॉजिटेकचा हीरो, रेझरचे वरचे सेन्सर, पिक्सआर्टचे ३३७०, ३३९५, ३९५०, यातला कुठलाही असू दे, हरलात तर सेन्सरमुळे हरला नाहीत हे नक्की.

आता खरी चूक. माऊस हातात न धरता घेणं.

आमच्याकडे बदलून मागायला येणारे बहुतेक माऊस चालू असतात, त्यात काही बिघाड नसतो, फक्त चुकीच्या हाताकडे गेलेले असतात. लॉजिटेक जी१०२ आणि रेझर डेथॲडर इसेन्शिअल शेजारी ठेवून बघा. पहिला ११६ मिलिमीटरच्या जरा वर, दुसरा १२७ च्या वर. आकडा सांगितला तर एका सेंटिमीटरचा फरक वाटतो, पण उंचीही वेगळी आणि डेथॲडर उजव्या हातासाठी वळवलेला, त्यामुळे तळहाताखाली तो पूर्ण भरतो आणि जी१०२ तळहाताच्या मध्येच संपतो. लहान हाताच्या मुलीने किंवा बारावीतल्या मुलाने डेथॲडर घेतला की पुढचं बटण गाठायला बोटं ताणावी लागतात, अंगठ्याजवळची बटणं लांब पडतात आणि दोन तासांनी मनगट बोलायला लागतं. मोठ्या हाताच्या माणसाने जी१०२ घेतला की करंगळी पॅडवर घासत राहते.

घरी पट्टी घ्या आणि मनगटाच्या रेषेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजा. १७ सेंटिमीटरच्या खाली असेल तर छोटे माऊस, २० च्या वर असेल तर मोठे, मधले असाल तर दोन्ही बाजूचे धरून बघायचे. हा आमचा काउंटरवरचा अंदाज आहे आणि बहुतेकांना लागू पडतो. मग पकड. पूर्ण तळहात टेकवून धरता, की तळहाताचा मागचा भाग टेकवून बोटं उभी ठेवता, की नुसत्या बोटांच्या टोकांनी? तुम्हाला स्वतःला माहीत नसेल तर टेन्शन नको, गेम चालू असताना कोणाला तरी तुमच्या हाताचा फोटो काढायला सांगा आणि तो आम्हाला दाखवा. दुकानात उभं राहून माऊस धरला की माणूस घरी धरतो तसा धरत नाही, हे आम्ही रोज बघतो, म्हणूनच काउंटरच्या आत एक टेबल-खुर्ची ठेवलीय. बसा, दहा मिनिटं खेळा, मागचं गिऱ्हाईक थांबेल.

वजनाचंही तसंच. लॉजिटेकचा जी५०२ हीरो १२१ ग्रॅम, त्यात वर आणखी वजनं घालता येतात. लॉजिटेकचाच सुपरलाईट २ फक्त ६० ग्रॅम. नेमबाजीच्या गेममध्ये दिवसभर माऊस उचलून परत आणावा लागतो तिथे हलका बरा हे खरं, पण ज्याला बटणं भरपूर लागतात, डोटा खेळतो किंवा दिवसा एडिटिंगचं काम करतो, त्याला जी५०२ चं मोकळं फिरणारं चाक आणि अंगठ्याची बटणं सोडून हलका माऊस देणं हा अन्याय आहे. आम्ही तसं सांगतो आणि मग गिऱ्हाईक कमी किमतीचा माऊस घेऊन जातं, चालतं आम्हाला.

आता बदलून देण्याबद्दल, कारण यावरून वाद होतात. सील फोडलेला माऊस "आवडला नाही" म्हणून आम्ही परत घेत नाही. बिघाड असेल तर वेगळं, ते लगेच बघतो. पण उघडलेला, घाम लागलेला, खालच्या पट्ट्या घासलेला माऊस आम्ही नवा म्हणून दुसऱ्याला विकू का? तुम्हाला असा दिला तर तुम्ही घ्याल का? ऑनलाईन काही ठिकाणी परत घेतात, मान्य, आणि दोन-तीनशे रुपये स्वस्तही मिळतो. आमच्याकडे मात्र काउंटरवर डेमोचे माऊस उघडे ठेवलेत, ते आम्ही आमच्या पैशाने फोडलेत, याच कारणासाठी की तुम्हाला परत यावं लागू नये. बिल पक्कं देतो, माल भारतातल्या वॉरंटीचा असतो. बाहेरून आणलेला माल स्वस्त असतो पण इथल्या सर्व्हिस सेंटरला नेला की ते हात लावत नाहीत, तेव्हा स्वस्त पडल्याचा आनंद जातो.

बांधणी कशी तपासायची ते सांगतो, कुठल्याही दुकानात कामाला येईल. माऊस कानाजवळ नेऊन हलवा, चाकाचा बारीक आवाज चालेल, आतून खडखड नको. दोन्ही बाजूंनी अंगठा आणि करंगळीने दाबा, प्लास्टिक कर्रकर्र करतं का बघा. बाजूचं बटण दाबताना बाजूची भिंतच आत गेली आणि क्लिक लागलं तर तो माऊस ठेवून द्या. वायर मऊ, विणलेली, सैल असावी, कडक वायर पॅडवर ओढत राहते. खालच्या पट्ट्या पांढऱ्या टेफलॉनच्या असतील तर सरकायला छान.

आणि मुंबईत राहता तर बाजूच्या रबराकडे नक्की बघा. आपल्याकडच्या दमटपणात आणि हाताच्या घामात मऊ रबराची पकड कालांतराने चिकट होते, मग तिच्यात मळ बसतो आणि तो निघत नाही. ज्यांचे हात घामेजतात त्यांना आम्ही साधा खरखरीत प्लास्टिकवाला माऊस सुचवतो, वर हवी तर ग्रिप टेप लावून देतो, ती झिजली की बदलता येते.

दुसरी तक्रार डबल क्लिकची. एकदा दाबलं आणि दोनदा लागलं, फाईल सरकवताना मध्येच सुटली. साध्या मेकॅनिकल स्विचच्या आत धातूची एक बारीक पाती असते, तुम्ही दाबलं की ती खालच्या टोकाला जाऊन टेकते. टेकताना ती क्षणभर थरथरतेच, नवा असताना माऊस ते थरथरणं गाळून टाकतो, पण पाती थकली किंवा टोकावर काळसर थर बसला की थरथर वाढते आणि माऊसला ते दोन क्लिक वाटतात. समुद्राच्या हवेत हे होणारच. ऑप्टिकल स्विचमध्ये धातूला धातू टेकायचं कामच नाही, बटण दाबलं की आतला प्रकाशाचा किरण अडतो किंवा सुटतो आणि तोच क्लिक, त्यामुळे हा आजार त्यात होत नाही. रेझरच्या डेथॲडर व्ही२ पासून पुढच्या बऱ्याच मॉडेलमध्ये ते आहेत, पण इसेन्शिअलमध्ये मेकॅनिकल आहेत, नाव सारखं दिसतं म्हणून गफलत करू नका. क्लिकचा आवाज आणि स्पर्श काहींना मेकॅनिकलचाच आवडतो, तेही बरोबर, धरून ठरवा.

डबल क्लिक लागला की लगेच नवा घ्यायला धावू नका. वॉरंटीत असेल तर आधी सर्व्हिस सेंटर, आमच्याकडे उघडून घेऊ नका, उघडला की वॉरंटी जाते. संपली असेल तर आम्ही स्विच बदलून देतो. स्क्रू बहुतेक वेळा खालच्या पट्ट्यांखाली लपलेले असतात, त्या काढल्या की नीट परत चिकटत नाहीत, म्हणून बिलात नव्या पट्ट्यांचे पैसे दिसतील. डावा-उजवा दोन्ही स्विच एकदम बदलतो, नाहीतर दोन बाजूंचे आवाज वेगळे येतात.

वायरलेसवाल्यांनो, "माऊस अडखळतोय" म्हणून यायच्या आधी डोंगल, म्हणजे यूएसबीत लावायचा छोटा रिसीव्हर, कुठे लावलाय ते बघा. कॅबिनेटच्या मागे, यूएसबी ३ च्या हार्डडिस्कशेजारी लावला असेल तर अडखळणारच, यूएसबी ३ मुळे होणारा रेडिओ लहरींचा अडथळा २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो आणि माऊसचा सिग्नलही त्याच पट्ट्यात असतो. खोक्यात एक्स्टेंशन वायर असते ती वापरा आणि डोंगल पॅडजवळ आणा. ब्लूटूथवर गेम खेळू नका, ते ऑफिसच्या कामाला.

पोलिंग रेट म्हणजे माऊस कम्प्युटरला सेकंदात किती वेळा बातमी देतो तो आकडा. १००० हर्ट्झ म्हणजे दर मिलिसेकंदाला एक बातमी, १२५ म्हणजे ८ मिलिसेकंदाला. हा फरक जाणवतो. १००० वरून ८००० वर गेलात तर ०.१२५ मिलिसेकंद, प्रोसेसरवर बोजा मात्र वाढतो. ६० हर्ट्झचा मॉनिटर असेल तर ते पैसे मॉनिटरसाठी ठेवा, खरंच सांगतो.

कुठला घ्यायचा? बजेट दोन-अडीच हजारांपर्यंत असेल आणि हात छोटा-मध्यम असेल तर जी१०२, ८५ ग्रॅम, ८००० डीपीआय, पैसा वसूल यापेक्षा जास्त होत नाही. हात मोठा तर डेथॲडर इसेन्शिअल. वायर नकोच असेल तर जी३०४, आकार जी१०२ चाच, एक डबल ए सेल लागतो आणि सेलसकट ९९ ग्रॅम होतो, सेल मागे असल्याने मागचा भाग जड वाटतो, काहींना ते खटकतं, धरून बघा. दहा हजारांच्या वरचे सुपरलाईट २ आणि डेथॲडर व्ही३ प्रो उत्तम आहेत, त्यात शंका नाही, पण ते रोज खेळणाऱ्याने, आपली पकड पक्की ठाऊक असलेल्याने घ्यावेत. पहिलाच गेमिंग माऊस एवढ्याचा घेऊ नका. त्याऐवजी जी१०२ आणि सोबत मोठा कापडी पॅड घ्या, ४६ सेंटिमीटरची गिरकी २० सेंटिमीटरच्या पॅडवर होणार नाही. पॅड आमच्याकडे लांबीवर मिळतात, टेबलाचं माप घेऊन या.

नवा माऊस घरी नेला की विंडोजच्या माऊस सेटिंगमधलं "एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन" बंद करा. ते चालू असलं की हात किती वेगाने हलला त्यावर कर्सर कमी-जास्त पळतो आणि हाताला सवय लागत नाही. रॉ इनपुटवर, म्हणजे विंडोजची सेटिंग न लावता थेट माऊसची हालचाल वाचून, चालणाऱ्या गेममध्ये त्याने फरक पडत नाही, बाकी सगळीकडे पडतो. आणि पहिले पंधरा दिवस सेन्सिटिव्हिटी बदलत बसू नका.

डेमो बघायचा असेल तर सोमवार ते शुक्रवार दुपारी या, ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरा. जुना माऊस सोबत आणा, त्याच्यावर कुठे घासलंय आणि कुठे चमक आलीय ते बघून तुमची पकड अर्धी कळते, आणि नुसता स्विच गेला असेल तर तो दुरुस्त करून देऊ, नवा घ्यायलाच पाहिजे असं काही नाही.