अ‍ॅव्हरो ते सी-२९५ : बडोद्याच्या तळावरील वाहतूक विमानाची पूर्वपीठिका

दरवर्षी ८ ऑक्टोबरच्या वायुसेना दिनाच्या आगेमागे देशातील निरनिराळ्या हवाई तळांवर विमाने मांडली जातात आणि एरवी कुंपणाबाहेरून पाहणाऱ्या नागरिकांना ती जवळून न्याहाळता येतात. अशा मांडणीत गर्दी लढाऊ विमानाभोवती होते, वाहतूक विमानाच्या पोटात शिरून पाहणारे थोडे असतात. बडोद्याच्या तळाची ओळख मात्र वाहतूक विमानांमुळेच आहे. येथील ११ क्रमांकाच्या स्क्वाड्रनकडे, म्हणजे ‘ऱ्हायनो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तुकडीकडे, प्रदीर्घ काळ अ‍ॅव्हरो विमाने होती आणि २०२३ पासून तिच्याकडे सी-२९५ विमाने येऊ लागली. एक विमान जाऊन दुसरे येण्याच्या या घटनेमागे सुमारे सहा दशकांचा इतिहास आहे. त्यातल्या एका प्रश्नावर, म्हणजे विमान कोणी बांधावे यावर, जितकी चर्चा व्हायला हवी होती तितकी झाली नाही, आणि ते कोणत्या शहरात बांधावे यावर गरजेपेक्षा पुष्कळच जास्त झाली.

बडोद्याचा विमानविद्येशी संबंध संस्थानी काळापासून जोडला जातो. १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर एका मराठी माणसाने मानवरहित विमान उडवले आणि ते पाहण्यास सयाजीराव महाराज उपस्थित होते, ही कथा येथील मराठी घरांत आवडीने सांगितली जाते. तिला समकालीन भक्कम पुरावा मात्र नाही. दुसरे महायुद्ध सुरू असताना बडोदे संस्थानाच्या देणगीमुळे ब्रिटिश हवाई दलाच्या १२४ क्रमांकाच्या स्पिटफायर स्क्वाड्रनला ‘बडोदा’ हे नाव मिळाले, ही गोष्ट मात्र नोंदलेली आहे. याहून मागे जाण्याचे येथे कारण नाही, कारण येथील मांडणीतल्या विमानाचा धागा बडोद्यातल्या हरणीच्या जुन्या विमानतळापेक्षा कानपूरला जाऊन मिळतो.

ऑक्टोबर १९४७ मध्ये श्रीनगरला सैन्य उतरवणारी डकोटा विमाने पन्नाशीच्या दशकाअखेरीस जुनी झाली होती आणि त्यांच्या जागी काय घ्यावे याचा विचार सुरू होता. ब्रिटनमध्ये त्याच सुमारास अ‍ॅव्हरो कंपनी ७४८ या दोन इंजिनांच्या टर्बोप्रॉप, म्हणजे जेट पद्धतीच्या इंजिनाने पंखे फिरवणाऱ्या, विमानाचा आराखडा करीत होती. त्या विमानाचे पहिले उड्डाण जून १९६० मध्ये झाले, परंतु ते भारतात बांधण्याचा परवाना-करार त्याच्या आदल्या वर्षीच, जुलै १९५९ मध्ये, झाला होता. जे विमान अद्याप जमिनीवरून उठलेलेही नाही त्याच्या बांधणीचा परवाना घेणे हे धाडस होते आणि त्यावर त्या काळी टीकाही झाली. बांधणीचे काम कानपूरच्या डेपोत खुद्द वायुसेनेने अंगावर घेतले. हवाई शिपाई म्हणून भरती होऊन एअर व्हाइस मार्शल पदापर्यंत पोहोचलेला एक तंत्रज्ञ अधिकारी या उद्योगाच्या मागे उभा होता. १ नोव्हेंबर १९६१ रोजी कानपूरला जुळवलेले पहिले विमान आकाशात गेले. पुढे १९६४ मध्ये हे काम सार्वजनिक क्षेत्रातील विमान कारखान्याकडे गेले आणि एकंदर ८९ विमाने कानपूरला तयार झाली. त्यांपैकी बहुतेक वायुसेनेकडे गेली, तर उरलेली देशांतर्गत प्रवासी सेवेकडे. प्रवासी सेवेत ही विमाने चालवणाऱ्यांपैकी एक वैमानिक पुढे देशाचा पंतप्रधान झाला.

अ‍ॅव्हरोने प्रवासी नेले, अतिमहत्त्वाच्या व्यक्तींना नेले, वाहतूक वैमानिकांच्या पिढ्या घडवल्या. मालवाहतुकीत त्याची मर्यादा त्याच्या बांधणीतच होती. त्याचे पंख शरीराच्या खालच्या बाजूस असल्यामुळे मालकक्षाची जमीन धावपट्टीपासून बरीच उंच राहते, आणि शेपटीखाली उघडणारा उतरता रॅम्प नसल्यामुळे सगळा माल बाजूच्या दारातूनच आत चढवावा लागतो. जीप आत घालायची किंवा उड्डाण चालू असताना मागून सामान टाकायचे, तर असे विमान फारसे उपयोगाचे नसते. ब्रिटिश हवाई दलाने याच विमानाचे अँडोव्हर हे रूप स्वतःसाठी करून घेतले होते, ज्याला मागे रॅम्प होता आणि माल चढवताना मागची बाजू खाली बसावी म्हणून चाकांची खास रचना होती. भारताने तो मार्ग न धरता पुढच्या काळातील काही विमानांना बाजूचे दार मोठे करून दिले. टेहळणीच्या रडारची मोठी तबकडी पाठीवर बसवलेले एक प्रायोगिक अ‍ॅव्हरो ११ जानेवारी १९९९ रोजी तमिळनाडूतील अरक्कोणमजवळ कोसळले आणि त्यात आठ जणांचा मृत्यू झाला. स्वदेशी हवाई टेहळणीचा तो कार्यक्रम त्या अपघातानंतर थांबला.

अ‍ॅव्हरोच्या जागी नवे विमान घेण्यास संरक्षण खरेदीच्या सर्वोच्च समितीने २०१२ मध्ये तत्त्वतः मान्यता दिली आणि मे २०१३ मध्ये आठ परदेशी उत्पादकांना निविदा पाठवल्या गेल्या. विमाने ५६ हवी होती. त्यांपैकी १६ परदेशातून तयार होऊन यायची होती आणि उरलेली ४० परदेशी उत्पादकाने निवडलेल्या भारतीय भागीदाराने येथे बांधायची होती. हा भागीदार खासगी क्षेत्रातलाच असावा, अशी अट निविदेत होती. विमान बांधणीचा देशातला जवळजवळ सगळा अनुभव ज्या सार्वजनिक कारखान्याकडे होता, ज्याने अ‍ॅव्हरो बांधले होते, त्यालाच या स्पर्धेतून बाहेर ठेवण्यात आले होते.

हा निर्णय अनवधानाने झालेला नव्हता. सार्वजनिक कारखान्याकडे आधीच इतकी कामे साठली होती की आणखी एक विमान तेथे दिले तर तेही रेंगाळेल, आणि एका उत्पादकाच्या भरवशावर वायुसेना किती काळ बसणार, असा वायुसेनेच्या बाजूने युक्तिवाद होता. विरोध करणाऱ्यांची बाजूही पोकळ नव्हती. अवजड उद्योग सांभाळणाऱ्या मंत्रालयाने सार्वजनिक उपक्रमांना वगळण्यावर उघड आक्षेप घेतला. ज्या उद्योगसमूहांनी आजवर संपूर्ण विमान कधी बांधलेले नाही त्यांच्याकडून पहिल्याच झटक्यात चाळीस विमानांची अपेक्षा कशी धरायची, हा प्रश्न होता, आणि केवळ चाळीस विमानांसाठी नवी जुळणी-रेषा, म्हणजे सुटे भाग जोडून विमान पुरे करण्याची कारखान्यातली व्यवस्था, उभारण्याचा खर्च अखेर सरकारी तिजोरीतूनच वसूल होणार नाही का, हाही होता. निविदा भरण्याची मुदत पुन्हा पुन्हा वाढवली गेली, मध्यंतरी केंद्रात सत्तांतर झाले आणि नव्या सरकारने मूळ अट कायम ठेवून प्रक्रिया पुढे नेली. शेवटी आठ निमंत्रितांपैकी एकाच उत्पादकाने आपल्या भारतीय भागीदारासह बोली लावली, ती सी-२९५ या विमानाची.

एकच बोली आली की खरेदी थांबवून पुन्हा निविदा काढायची, हा सरकारी व्यवहाराचा रूढ रिवाज आहे. मे २०१५ मध्ये मात्र त्या एकाच बोलीवर पुढे जाण्यास मंजुरी देण्यात आली. हा सगळ्या प्रकरणातला सर्वांत वादग्रस्त आणि माझ्या मते सर्वांत निर्णायक क्षण आहे. स्पर्धा नसताना किंमत योग्य आहे हे कशावरून ठरवायचे, हा आक्षेप आजही खोडून निघालेला नाही. उलट, पुन्हा निविदा काढली असती तर आणखी काही वर्षे गेली असती आणि तोवर वैमानिक पन्नाशीच्या दशकाअखेरच्या आराखड्याची विमाने चालवत राहिले असते, हेही तितकेच खरे. मंजुरी मिळूनही वाटाघाटींत सहा वर्षे गेली आणि सप्टेंबर २०२१ मध्ये सुमारे २१,९३५ कोटी रुपयांच्या करारावर सह्या झाल्या. घाईचे कारण देऊन एकट्या बोलीला मान्यता द्यायची आणि मग तिच्यावरच सहा वर्षे घालवायची, ही विसंगती मंजुरीच्या समर्थकांना सहजासहजी झाकता येणारी नाही.

करार झाल्यानंतर कारखाना कोठे होणार, याबद्दल निरनिराळ्या राज्यांची नावे घेतली जात होती. २०२२ च्या सप्टेंबरात महाराष्ट्रातील एका मंत्र्याने हा प्रकल्प नागपूरच्या मिहानमध्ये येणार असल्याचे सांगितले होते. त्याच महिन्यात एक मोठा सेमीकंडक्टर प्रकल्प महाराष्ट्राऐवजी गुजरातेत जाण्याची घोषणा झाल्याने महाराष्ट्रातील वातावरण आधीच तापलेले होते. त्यात २७ ऑक्टोबर २०२२ रोजी विमान प्रकल्पासाठी बडोद्याचे नाव जाहीर झाले आणि तीन दिवसांनी, ३० ऑक्टोबरला, पायाभरणीही झाली. महाराष्ट्रातल्या विरोधकांनी प्रकल्प पळवल्याचा आरोप केला. सत्ताधाऱ्यांनी हा निर्णय आदल्या वर्षी, विरोधकांचेच सरकार असताना झाल्याचे उत्तर दिले. गुजरात विधानसभेची निवडणूक डिसेंबरात होती, या गोष्टीकडे बोट दाखवणारेही होते, आणि घोषणेच्या मुहूर्तापुरते ते चूक नव्हते.

नागपूरचा दावा हवेतला नव्हता. मिहानला धावपट्टी आहे, जमीन आहे, मोठ्या विमानांच्या देखभालीची सोय आहे, आणि प्रवासी जेट विमानांचे भाग तेथे आधीपासून तयार होतात. बडोद्याकडेही धावपट्टीलगतची जागा होती, अवजड विद्युत यंत्रे बनवणाऱ्या कारखान्यांमुळे रुजलेला कुशल कामगारवर्ग होता, आणि जी तुकडी हे विमान प्रथम वापरणार तिचा तळ त्याच धावपट्टीवर होता. बांधलेले विमान ज्यांच्या ताब्यात द्यायचे ते पलीकडच्या हँगरमध्ये असणे ही जुळणी-रेषेसाठी लहान सोय नव्हे. येथील मराठी मंडळींची त्या दिवसांत थोडी पंचाईतच झाली होती, कारण नागपूर-पुण्याच्या नातेवाइकांचा राग समजत होता आणि गावात कारखाना येत असल्याचा आनंदही लपत नव्हता. तरीही त्या पंधरवड्यात मराठी वर्तमानपत्रांनी या वादाला जेवढी जागा दिली, तिचा दहावा भाग एकट्या बोलीच्या प्रश्नाला २०१५ मध्ये मिळाला असता तर वाचकांचे अधिक हित झाले असते.

सी-२९५ हे मूळचे स्पॅनिश विमान आहे. स्पेन आणि इंडोनेशिया यांनी मिळून काढलेले सीएन-२३५ हे विमान १९८३ मध्ये प्रथम उडाले, आणि त्याचेच शरीर लांबवून केलेले सी-२९५ नोव्हेंबर १९९७ मध्ये आकाशात गेले. पंख वर असल्यामुळे त्याचे इंजिन आणि पंखे धुळीपासून व खड्यांपासून दूर राहतात आणि पोटाची जमीन खाली, वाहनाच्या उंचीला येते. मागचा रॅम्प उघडून गाडी थेट आत नेता येते, छत्रीधारी सैनिक आणि सामान हवेतच बाहेर सोडता येते. सुमारे ७० सैनिक किंवा नऊ टनांपर्यंत माल ते नेऊ शकते आणि आखूड, कच्च्या धावपट्टीवरही उतरू शकते. अ‍ॅव्हरो पाहिलेल्याला याचे पंख आखूड वाटतील, आणि ते आहेतही : अ‍ॅव्हरोच्या पंखांचा विस्तार सुमारे ३० मीटर, याचा सुमारे २६. प्रदर्शनात या विमानाकडे समोरून न पाहता शेपटीकडून पाहावे, म्हणजे त्यासाठी एवढी यातायात का झाली ते रॅम्पच सांगतो.

पहिले सी-२९५ सप्टेंबर २०२३ मध्ये स्पेनच्या सेव्हिल शहरात वायुसेनेच्या हाती आले, त्याच महिन्यात बडोद्यास पोहोचले आणि पुढे दिल्लीजवळच्या हिंडनच्या तळावर रीतसर सेवेत दाखल झाले. परदेशात बांधायच्या १६ विमानांचा हिस्सा ऑगस्ट २०२५ पर्यंत पूर्ण झाला. त्यामुळे तोवर बडोद्याच्या तळावर दिसलेले प्रत्येक सी-२९५ सेव्हिलमध्ये बांधलेले होते, ही गोष्ट उत्साहाच्या भरात बरेचदा नजरेआड होते. बडोद्याच्या कारखान्याचे उद्घाटन २८ ऑक्टोबर २०२४ रोजी भारत आणि स्पेनच्या पंतप्रधानांच्या हस्ते झाले, त्या दिवशी शहरातून मिरवणूक निघाली आणि लक्ष्मीविलास राजवाड्यात दोन्ही देशांची बोलणी झाली. खासगी क्षेत्राने लष्करी विमानाची संपूर्ण जुळणी करावी, असा हा देशातला पहिला कारखाना आहे. शरीराचे मोठे भाग हैदराबादेत तयार होऊन येथे येतात आणि अंतिम जुळणी व चाचणी बडोद्यात होते.

ठरलेल्या वेळापत्रकात बडोद्यात जुळवलेले पहिले विमान सप्टेंबर २०२६ साठी आणि चाळिसावे ऑगस्ट २०३१ साठी धरलेले आहे. चाळीस विमानांपुरती जुळणी-रेषा महागात पडेल, हा २०१३ मधला आक्षेप खरा ठरतो की नाही, हे त्यानंतरच्या मागणीवर अवलंबून राहील. नौदलासाठी नऊ आणि तटरक्षक दलासाठी सहा, अशी सागरी टेहळणीची १५ विमाने याच बनावटीची घेण्यास फेब्रुवारी २०२४ मध्ये तत्त्वतः मंजुरी मिळालेली आहे. वायुसेनेची सोव्हिएत काळातील एएन-३२ विमानेही म्हातारी होत आली आहेत आणि त्यांच्या जागी कोणते विमान यावे, या खरेदीचा मोठा घास बडोद्याच्या वाट्याला येतो की दुसऱ्याच एखाद्या, याहून मोठ्या विमानाच्या उत्पादकाला मिळतो, यावर हरणीचा कारखाना २०३१ नंतर कोणते काम करील हे ठरणार आहे.