पुण्याला सहल नेताय? गेटवर अडायचं नसेल तर ही कागदं आधी तयार करा

सहलीचा सीझन आला की तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच नीट लिहितेय. पालकांचं संमतीपत्र, शाळेचं पत्र, शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी हे सगळ्यांना माहितीये. एसटीने जाणार असाल तर शालेय सहलीला भाड्यात ५० टक्के सवलत आहे, फक्त डेपोत अर्ज लवकर टाका, डिसेंबरात गाड्या शिल्लक राहत नाहीत.

लोक अडतात ते पुढे. शनिवारवाडा आणि आगाखान पॅलेस दोन्ही केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत. तिकीट २५ रुपये, ऑनलाइन काढलं तर २०, आणि १५ वर्षांखालच्या मुलांना फुकट. बरेच शिक्षक हे वाचून धरून चालतात की शाळेची मुलं म्हणजे सगळी फुकट. तसं नाहीये हो! दहावीतल्या बऱ्याच मुलांना डिसेंबरपर्यंत १५ पूर्ण झालेली असतात, नववीतही एखाददुसरं निघतं, आणि वय धरायचं ते भेटीच्या दिवशीचं, जूनमधलं नाही.

आणि पुरावा? शाळेच्या ओळखपत्रावर रक्तगट असतो, वडिलांचा मोबाइल असतो, जन्मतारीख बऱ्याचदा नसतेच. एका ठिकाणी मी बघितलंय, सर हजेरीची यादी घेऊन खिडकीशी उभे, यादीत नाव आणि रोल नंबर एवढंच, आतला माणूस मान वर न करता म्हणतोय वयाचं काय ते दाखवा, आणि मागे सातवीची पोरं उन्हात ताटकळतायत. शेवटी सरसकट सगळ्यांची तिकिटं काढली. सातवीच्या मुलांची तिकिटं! समोर दिसतंय ना मूल केवढं आहे ते, पण कागद नाही म्हटल्यावर कोण ऐकतंय.

म्हणून शाळेच्या लेटरहेडवर यादी करा, नाव, इयत्ता, जनरल रजिस्टरप्रमाणे जन्मतारीख, खाली मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का. १५ पूर्ण झालेल्यांची यादी वेगळी ठेवा आणि त्यांचे पैसे आधीच गोळा करा. दोन प्रती न्या, एक खिडकीवर राहते.

तारखेचाही घोळ होतो. जागतिक वारसा सप्ताह १९ ते २५ नोव्हेंबर असतो, पण मोफत प्रवेश असतो तो सहसा पहिल्या दिवशी, म्हणजे १९ तारखेला. आठवडाभर फुकट समजून २२ ला गाडी ठरवू नका.

कुणाच्या घरी परदेशातून पाहुणे आले असतील आणि त्यांच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) असेल, तर ते जवळ ठेवायला सांगा. त्यांना भारतीयांचाच दर लागतो, पण नुसता परदेशी पासपोर्ट दाखवला तर माणशी ३०० रुपये. कार्ड घरी बॅगेत ठेवून येतात आणि मग खिडकीवर वाद घालतात.

पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत बघायची असेल तर ते प्रकरण वेगळं. ते चालू ऑफिस आहे, तिकीट खिडकी नाही, म्हणून कुलसचिवांच्या नावाने आधी पत्र द्या, त्यात तारीख, वेळ, मुलांची संख्या, सोबतच्या शिक्षकांची नावं आणि फोन, आणि पोच घेतल्याशिवाय निघू नका. रविवार टाळा. एवढी खटपट कशाला असं वाटेल, पण जरूर करा. ही इंग्रज गव्हर्नरची गणेशखिंडीतली कोठी, २२ जून १८९७ च्या रात्री राणीच्या ज्युबिलीचा समारंभ इथेच होता आणि इथून परतताना रँडवर चापेकरांनी गोळी झाडली. मुलं हे इतिहासात शिकतात, तिथे उभं राहून ऐकलं की विसरत नाहीत.

आगाखान पॅलेसला कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई यांच्या समाध्या मागच्या बाजूला आहेत, घाईत तिथवर न जाताच लोक परततात, तेवढा वेळ धरा.

मोबाइलवर फोटो काढायला काही लागत नाही. ट्रायपॉड लावायचा असेल तर पुरातत्त्व खात्याची आगाऊ परवानगी लागते, ती गेटवर मिळत नाही, आणि ड्रोन तर गाडीतसुद्धा घेऊ नका.