सहा व्होल्टचे मीटर, बारा व्होल्टची गाडी: रेझिस्टर म्हणजे रेग्युलेटर नव्हे

जुनी गाडी सहा व्होल्टवरून बारा व्होल्टवर न्यायची ठरली की बॅटरी, डायनॅमो, बल्ब आणि इग्निशन कॉइल यांचा विचार नीट होतो. डॅशबोर्डवरच्या मीटरांपाशी आल्यावर मात्र ‘मध्ये एक रेझिस्टर टाका, सहा व्होल्ट मिळतील’ हाच सल्ला वर्षानुवर्षे फिरत राहतो. रेझिस्टर सहा व्होल्ट देत नाही. सहा व्होल्ट देतो तो व्होल्टेज रेग्युलेटर. दोन्ही वस्तू मीटरच्या तारेत मध्येच बसतात, दोन्ही तापतात आणि दुकानात दोन्ही ‘रिड्यूसर’ या एकाच नावाने विकल्या जातात. त्यांच्यातले साम्य तेवढ्यावर संपते.

रेझिस्टरवर किती व्होल्ट खर्ची पडतील, हे त्यातून त्या क्षणी किती करंट वाहतो यावर ठरते. म्हणून ज्याचा करंट जवळपास स्थिर असतो, अशा हीटरच्या पंख्यासारख्या भाराला तो चालून जातो. पेट्रोलच्या मीटरचे तसे नाही. टाकीतला फ्लोट (तरंगणारा गोळा) खालीवर होतो, तसा त्याला जोडलेल्या सेंडरचा, म्हणजे टाकीतून मीटरला पातळी कळवणाऱ्या भागाचा, रोध बदलतो आणि त्याबरोबर करंट बदलतो. करंटने तापून वाकणारी पट्टी ज्यात काटा हलवते, अशा मीटरमध्ये तर करंटमधला हा बदल हेच मोजमाप असते. ज्या राशीचे मोजमाप करायचे, तिच्यावरच व्होल्टेज अवलंबून ठेवायचे, हा या जुगाडातला मूळ दोष आहे.

सोयीसाठी गोल आकडे घेऊन हिशेब करू. सहा व्होल्टवर टाकी भरलेली असताना मीटरमधून 0.2 अँपियर आणि टाकी तळाला आल्यावर 0.1 अँपियर करंट वाहतो असे धरले, तर मीटर आणि सेंडर मिळून रोध अनुक्रमे 30 आणि 60 ओहम होतो. भरलेल्या टाकीवर जुळवून 30 ओहमचा रेझिस्टर बसवला, की 12 व्होल्टवर एकूण 60 ओहममधून बरोबर 0.2 अँपियर जातो, काटा ‘फुल’वर उभा राहतो आणि वायरमन पैसे घेऊन मोकळा होतो. पेट्रोल संपत आले की एकूण रोध 90 ओहम होतो आणि करंट 0.133 अँपियर, हवा होता 0.1. इंजिन चालू असताना चार्जिंगमुळे व्होल्टेज 14 च्या आसपास गेले, की तोच करंट 0.156 होतो, म्हणजे दीडपटीहूनही जास्त. टाकी कोरडी पडत असताना काटा अर्ध्या टाकीच्या आसपास रेंगाळत राहतो, आणि ही चूक नेमकी अडचणीत आणणाऱ्या बाजूची आहे. हिशेब रिकाम्या टाकीवर केला तर उलटे होते: तळाशी काटा बरोबर, आणि भरलेल्या टाकीवर तो वर चढायलाच तयार नाही.

याहून वाईट प्रकार म्हणजे सगळ्या मीटरांना मिळून एकच मोठा रेझिस्टर. तापमानाचे मीटरही विजेवर चालणारे असेल, तर इंजिन तापत जाते तसा त्याचा करंट बदलतो, सामाईक रेझिस्टरवरचे व्होल्टेज हलते आणि टाकीतल्या पेट्रोलचा थेंबही कमी न होता पेट्रोलचा काटा सरकतो. अशा गाडीचा सेंडर बदलून काहीही साधत नाही.

मल्टिमीटरही इथे फसवतो. मीटरची तार सोडून रेझिस्टरच्या पुढच्या टोकावर व्होल्टेज पाहिले तर पूर्ण बारा दिसतात, कारण करंटच नाही तर व्होल्ट खर्ची पडणार कुठे? त्यावरून रेझिस्टर खराब ठरवून दुसरा आणणारे लोक कमी नाहीत. रेग्युलेटरच्या पुढे मात्र भार जोडलेला असो वा नसो, सहाच दिसतात.

फोर्डने 1956 मध्ये बारा व्होल्ट स्वीकारले तेव्हा कमी व्होल्टेजचे मीटर ठेवून डॅशबोर्डमागे रेग्युलेटर बसवला, यातच उत्तर आले. त्यातली पट्टी तापून संपर्क तोडते, थंड होऊन पुन्हा जोडते आणि सरासरी पाच व्होल्ट देते. म्हणून मल्टिमीटरवर आकडा सारखा उड्या मारतो. तो बिघाड नव्हे. त्याच्या डबीचा अर्थ (गाडीच्या बॉडीशी असलेली विजेची जोडणी) सुटला की पट्टी तापत नाही, संपर्क जोडलेलाच राहतो आणि सगळे काटे एकदम टोकाला जातात.

मग ‘माझ्या गाडीत रेझिस्टर उत्तम चालतो’ असे सांगणारे खोटे बोलतात का? नाही, त्यांची गाडी बहुधा शेवर्ले असते. शिवडीला 1928 पासून जनरल मोटर्सच्या गाड्यांची जुळणी होत असे, त्यामुळे हे मीटर आपल्याकडे अपरिचित नाहीत. त्यांच्या पेट्रोलच्या मीटरमध्ये दोन कॉइल असतात आणि काटा दोन्हींतल्या करंटच्या गुणोत्तरावर उभा राहतो. पुरवठ्याचे व्होल्टेज बदलले तरी ते गुणोत्तर हलत नाही. तिथे रेझिस्टरचे काम कॉइल जळू न देण्यापुरतेच, कारण व्होल्टेज दुप्पट झाले की उष्णता चौपट होते. अनुभव खरा आहे, फक्त तो दुसऱ्या जातीच्या मीटरला लावायचा नसतो.

बाकीचे थोडक्यात. अँमीटरला व्होल्टेजशी देणेघेणे नाही. अर्थची बाजू, म्हणजे बॅटरीचे बॉडीला जोडलेले टोक, बदलली असेल तर त्याच्या तारांची अदलाबदल करावी. नळीने चालणारे ऑइलचे मीटर आणि केबलचा स्पीडोमीटर यांना हात लावू नये. बल्ब बदलावेत. सेंडर तोच ठेवावा.

मी प्रत्येक मीटरला स्वतंत्र 7806, म्हणजे सहा व्होल्ट देणारा छोटा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, लावणे पसंत करतो. 14 व्होल्टवर 0.2 अँपियरला त्यात 1.6 वॅट उष्णता निर्माण होते, म्हणून तो डॅशबोर्डच्या मागच्या पत्र्याला बोल्टने आवळावा. मात्र हे निगेटिव्ह अर्थच्या गाडीपुरते. पॉझिटिव्ह अर्थ कायम ठेवायचा असेल तर 7906, म्हणजे त्याचाच निगेटिव्ह व्होल्टेजचा जोडीदार, लागतो. त्याच्या पायांचा क्रम वेगळा असतो आणि त्याच्या पाठीचा पत्रा इनपुटला जोडलेला असतो, त्यामुळे अभ्रकाची चकती आणि बोल्टला इन्सुलेटिंग बुश न लावता तो बॉडीवर आवळला तर सरळ शॉर्ट होतो.