न्यूशातेल गॅस टर्बाइन वीजकेंद्र

सार्वजनिक वीजपुरवठ्यासाठी उभारलेले जगातील पहिले गॅस टर्बाइन वीजकेंद्र. स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल शहरासाठी बाडेनच्या ब्राउन बोव्हेरी कंपनीने ते बांधले. ४,००० किलोवॅटचा हा एकच संच. त्याची चाचणी १९३९ मध्ये झाली आणि तो २००२ मध्ये बंद पडला.

‘गॅस’ म्हटले की आपल्याकडे उरणचे केंद्र आणि नैसर्गिक वायू आठवतो. न्यूशातेलला मात्र खनिज तेल जाळत. नावातला गॅस म्हणजे टर्बाइनची पाती फिरवणारा ज्वलनातला तप्त वायू.

गॅस टर्बाइनची कल्पना जुनीच होती. घोडे अडले होते ते कंप्रेसरपाशी. ज्वलनासाठी हवा दाबायलाच इतकी शक्ती लागे की टर्बाइनची कमाई तिथेच संपे. ब्राउन बोव्हेरीच्या व्हेलॉक्स नावाच्या बाष्पित्रात (बॉयलरमध्ये) भट्टीला दाबाखालची हवा पुरवणारा कंप्रेसर त्याच भट्टीच्या वायूवर चालणाऱ्या टर्बाइनने फिरवला जाई. त्या कामात कंपनीचा हात बसला आणि अक्षीय कंप्रेसर (हवा आसाच्या दिशेने पुढे ढकलत दाबणारा) पुरेसा कार्यक्षम झाला. तरीही न्यूशातेलचा हिशेब पाहण्याजोगा आहे: टर्बाइन सुमारे १५,४०० किलोवॅट निर्माण करी, त्यातले ११,४०० कंप्रेसरच खाई आणि जनित्राच्या वाट्याला उरत ४,०००.

७ जुलै १९३९ रोजी चाचणी झाली ती ऑरेल स्टोडोला यांच्या देखरेखीखाली. झुरिकच्या तंत्रविद्यापीठात अनेक वर्षे शिकवलेले, टर्बाइनशास्त्राचे हे अध्वर्यू तेव्हा ८० वर्षांचे होते. कार्यक्षमता, म्हणजे इंधनाच्या ऊर्जेतून विजेत उतरणारा वाटा, भरली १७.३८ टक्के. पात्यांचा धातू जास्त उष्णता सोसणारा नसल्याने वायूचे तापमान ५५० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावे लागे, हे ती इतकी कमी असण्यामागचे एक मोठे कारण. त्या काळची चांगली बाष्पकेंद्रे याहून सरस होती. पण इथे रोजची वीज काढायचीच नव्हती. संच आणीबाणीसाठी राखीव होता, म्हणून तो बॉम्बपासून सुरक्षित अशा भूमिगत इमारतीत बसवला. बाष्पित्र नाही, वाफ थंड करायला पाण्याचा लोंढा नको आणि चालू व्हायला वेळ कमी. अशा कामाला तेलाचा जादा खर्च परवडतो. क्वचितच चालवल्यामुळे यंत्र टिकलेही.

१९८८ मध्ये अमेरिकन यंत्र अभियंत्यांच्या संस्थेने त्याला ऐतिहासिक अभियांत्रिकी स्मारकाचा दर्जा दिला, तेव्हा ते अजून सेवेत होते. २००२ मध्ये जनित्रात बिघाड झाला आणि ६३ वर्षांची सेवा थांबली. ब्राउन बोव्हेरीचा वारसा तोवर आल्स्टोम या फ्रेंच कंपनीकडे आला होता. त्या कंपनीने संच डागडुजी करून स्वित्झर्लंडमधील बिर येथील आपल्या कारखान्यात प्रदर्शनासाठी मांडला.