लिंबाच्या सालीत चाललेली झुंज

परसातलं कागदी लिंबाचं झाड पिवळं पडलं की कोकणात आधी जमिनीवर संशय येतो. जांभ्याची माती, त्यात पावसानं वाहून गेलेलं खत. मग शेणखत पडतं, जस्ताची फवारणी होते, आणि पुष्कळदा गुणही येतो. नाहीच आला, तर एक कोवळं पान उजेडाला धरून पाहावं. शिरांवर फिक्या, आरपार दिसणाऱ्या तुटक रेघा असतील, तर दुखणं सालीतलं असण्याची दाट शक्यता आहे. ट्रिस्टेझा विषाणूची ही खूण.

पानांतली साखर मुळांकडे नेणाऱ्या पेशी सालीच्या आतल्या थरात असतात. हा विषाणू तिथंच राहतो. मावा रस शोषायला सोंड खुपसतो आणि त्याला झाडोझाडी पोचवतो. विषाणू म्हणजे सुमारे २००० नॅनोमीटर लांबीचा बारीक धागा : आत आरएनए, म्हणजे विषाणूची आनुवंशिक माहिती असलेला रेणू, बाहेर प्रथिनाचं आवरण. हे आवरण जवळजवळ पूर्णपणे पी२५ या एकाच प्रथिनाचं असतं. निरोगी सालीत ते मुळीच नसतं. रोगट सालीत झाडाच्याच पेशी, झाडाचाच कच्चा माल वापरून ते घडवत राहतात. म्हणून एलायझा चाचणीसाठी कोवळ्या फांदीची साल किंवा पानाचे देठ कुटून त्यात हे प्रथिन शोधतात.

झाडही लढतं. विषाणूचा आरएनए ओळखून त्याचे तुकडे करतं आणि धोक्याचा निरोप शेजारच्या पेशींना धाडतं. विषाणूची पी२०, पी२३ आणि पी२५ ही तीन प्रथिनं हा बचाव मोडून काढतात. मला यात पी२५ सर्वांत विलक्षण वाटतं. विषाणूचं अंग झाकणारं प्रथिनच झाडाचा निरोपही अडवतं! बुरशीची भिंत फोडणारी कायटिनेजसारखी प्रथिनंही झाड वाढवतं. पण विषाणूला तशी भिंतच नसते.

आंबट संत्र्याच्या खुंटावर, म्हणजे कलमाच्या खालच्या मुळांच्या भागावर, बांधलेल्या संत्र्या-मोसंब्यांत साखरेची वाट कलमाच्या सांध्याखाली बंद पडते आणि मुळं उपाशी मरतात. १९३० नंतर ब्राझीलमध्ये अशी लाखो झाडं गेली. पुढे रंगपूर लिंबाच्या खुंटानं तिथल्या बागा सावरल्या. कागदी लिंबाला मात्र खुंट बदलून वाचवता येत नाही, कारण त्याची स्वतःची फांदीच रोगाला बळी पडते. साल सोलली तर खालच्या लाकडावर खाचा दिसतात.

लागण झालेल्या झाडावर औषध नाही. त्यामुळे पिवळ्या पडलेल्या झाडाची गुटी बांधू नये, म्हणजे त्याच्या फांदीला मुळं फोडून नवं रोप करू नये, मग त्याची लिंबं कितीही रसाळ असोत. बियांतून हा विषाणू पुढे जात नाही. रोप बियांचं असेल तर मावा येईपर्यंत ते निरोगी राहतं.