पार्श्वभूमी: रातपाळीची सुट्टी कुठून मोजतात?

रविवारी सकाळी 7 वाजता नागपूरजवळच्या बुटीबोरी औद्योगिक वसाहतीत कारखान्याच्या गेटवर सी शिफ्ट (रात्री 11 ते सकाळी 7) सुटते. त्याच क्षणी कामगाराची साप्ताहिक सुट्टी सुरू होते आणि सोमवारी सकाळी 7 ला संपते. सुमारे 30 किलोमीटरचा रस्ता कापून, आंघोळ-चहा उरकून पाठ टेकेपर्यंत 9 वाजलेले असतात. 2 पर्यंत झोप होते आणि उरलेला रविवार घरच्यांचा. सोमवारी ए शिफ्ट (सकाळी 7 ते दुपारी 3) लागली असेल तर पहाटे साडेचारला उठायचं, म्हणून रात्री साडेनऊलाच दिवे मालवले जातात. पण दुपारपर्यंत झोपलेल्या माणसाला तेव्हा झोप येत नाही. डोळा लागायला 1 वाजतो आणि साडेचारला गजर होतो. कायद्याचे 24 तास मात्र पूर्ण भरलेले असतात.

या 24 तासांचं मूळ 1948 च्या कारखाना कायद्यात, कलम 57 मध्ये आहे. त्याआधीचा इतिहास मुख्यतः तासांच्या मर्यादेचा आहे. 1877 साली नागपुरात जुम्मा तलावाजवळ एम्प्रेस मिल ही कापड गिरणी सुरू झाली तेव्हा प्रौढ पुरुषाच्या कामाच्या तासांना कायद्याची मर्यादाच नव्हती. 1911 मध्ये कापड गिरण्यांसाठी दिवसाला 12 तास ठरले, 1922 मध्ये दिवसाला 11 आणि आठवड्याला 60, 1934 मध्ये 10 आणि 54, तर 1946 मध्ये 9 आणि 48. या सगळ्या आकड्यांमध्ये दिवसाचा तास आणि रात्रीचा तास एकाच मापाने मोजला आहे.

कलम 57 आलं ते मध्यरात्रीच्या अडचणीमुळे. रात्री 11 ला कामावर चढलेला माणूस सकाळी 7 ला उतरतो तेव्हा कॅलेंडरचे दोन दिवस त्याच्या खाती पडतात. रविवारची सुट्टी कॅलेंडरप्रमाणे द्यायची तर शनिवारची रातपाळी 12 ला बंद करावी लागेल. म्हणून कायद्याने ठरवलं की पाळी मध्यरात्र ओलांडत असेल तर सुट्टीचा 'पूर्ण दिवस' म्हणजे पाळी संपल्यापासूनचे सलग 24 तास, आणि 12 नंतरचे तास आदल्या दिवसाच्या हिशेबात. हिशेब म्हणून ही तरतूद चोख आहे. तिच्याअभावी 9 तासांची मर्यादा आणि ओव्हरटाइमचा दुप्पट दर, दोन्हींचा घोळ झाला असता. पण त्या 24 तासांतले पहिले 7-8 तास रात्रीची झोप भरून काढण्यात जातात, याचा विचार त्यात नाही. दिवसपाळीवाल्याला रविवारची सुट्टी मिळते तेव्हा शनिवारची संध्याकाळ आणि रविवारची रात्र धरून 40 तास हाती येतात. शब्द दोघांसाठी एकच आहे, 'सुट्टी'.

हा फरक पाळ्या कशा फिरवतात यावर आणखी वाढतो. 7 ते 3, 3 ते 11, 11 ते 7 अशा तीन पाळ्या, आठवड्याला बदल आणि एक सुट्टी, असा नेहमीचा तक्ता घ्या. ए, बी, सी असा पुढे फिरवला तर ए मधून बीत जाताना 48 तास मिळतात, बीमधून सीत जातानाही 48, आणि सीमधून एमध्ये येताना फक्त 24. उलटा फिरवला, म्हणजे सी, बी, ए, तर 32, 32 आणि 56. बेरीज दोन्हीकडे 120. शरीराला पुढे सरकणं सोपं जातं, कारण उशिरा झोपणं जमतं, लवकर झोपणं जमत नाही. म्हणून पुढे फिरवायचा तक्ता चांगला म्हणतात आणि ते खरंही आहे. पण सीनंतरचा तो 24 तासांचा चिमटा तसाच राहतो. तिथे आणखी एक ऑफ जोडल्याशिवाय पुढे फिरवण्याचा फायदा हाती लागत नाही. गोंधळ होण्याची भीती त्याच सोमवारी असते: गाडी चालवताना डुलकी, चुकीचा व्हॉल्व्ह, अर्धवट वाचलेलं लॉगबुक.

रेल्वेने हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत सोडवायचा प्रयत्न केला. नागपुरात त्याची चर्चा घराघरात आहे, कारण मध्य आणि दक्षिण पूर्व मध्य अशा दोन्ही रेल्वेंचे विभाग इथे आहेत. 1989 च्या रेल्वे कायद्यात रनिंग स्टाफला, म्हणजे गाडीवर काम करणाऱ्या लोको पायलट, गार्ड वगैरेंना, महिन्याला किमान चार वेळा सलग 30 तास किंवा किमान पाच वेळा सलग 22 तास विश्रांती, आणि तीही 'पूर्ण रात्रीसह', असं म्हटलं आहे. 'पूर्ण रात्र' हे दोन शब्द कारखाना कायद्यात नाहीत; इथे ते आले, हे मोठंच पाऊल म्हणायचं.

आता हिशेब करून बघा. रात्र म्हणजे 22 ते 6 धरली, तर 22 तासांच्या विश्रांतीत ती पूर्ण बसायला साइन ऑफ (ड्यूटी संपल्याची नोंद) सकाळी 8 ते रात्री 10 यांमध्येच व्हायला हवा. मालगाडी घेऊन आलेला लोको पायलट पहाटे 5 ला मोकळा झाला तर त्याचे 22 तास दुसऱ्या पहाटे 3 ला संपतात. 3 ला साइन ऑन, म्हणजे ड्यूटीवर हजर, तर दोन तास आधी, 1 ला कॉल, म्हणजे ड्यूटीचं बोलावणं. पूर्वी कॉलबॉय दारात येऊन बुकावर सही घ्यायचा, आता फोन वाजतो. घरचे सगळे जागे होतात, तेव्हाही आणि आताही. अशा वेळी पूर्ण रात्र द्यायची तर 22 तासांवर थांबता येत नाही. 30 तासांच्या विश्रांतीत मात्र मध्यरात्रीपासून रात्री 10 पर्यंत केव्हाही मोकळं झालं तरी रात्र मिळते.

खरा वाद याच्या पुढचा आहे. 8 तास किंवा जास्त ड्यूटी करून मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या ठिकाणी, परतल्यावर 16 तासांची विश्रांती वेगळी ठरलेली आहे. साप्ताहिक 30 तास त्या 16 मध्ये मिसळायचे की त्यानंतर मोजायचे? कर्मचारी म्हणतात 16 अधिक 30, म्हणजे 46. प्रशासनाच्या वाचनात 30 मध्येच 16 आले. 2024 च्या जूनमध्ये दक्षिणेतल्या लोको पायलटांनी 46 तास स्वतःहून घ्यायला सुरुवात केली, तेव्हा हा वाद देशभर पोचला. 16 तास ही थकव्याची रोजची भरपाई आहे. ती साप्ताहिक सुट्टीत धरली तर सुट्टी 14 तासांचीच उरते. या मुद्द्यावर कर्मचाऱ्यांचं वाचन जास्त सरळ आहे.

नागपूरच्या आसपास रातपाळी इतरत्रही आहे. कोराडीचं औष्णिक केंद्र 1974 पासून आणि खापरखेडा 1989 पासून चोवीस तास चालतं. उमरेड, सावनेरच्या खाणींतही तीन पाळ्या. परिचारिकांचं प्रकरण निराळं. 1948 च्या कायद्याने स्त्रियांना संध्याकाळी 7 ते सकाळी 6 कारखान्यात काम करायला बंदी केली, पण रुग्णालय हा कारखाना नाही. त्यामुळे संरक्षण म्हणून घातलेली बंदी त्यांना कधी लागू झाली नाही आणि रात्रीच्या कामाची वेगळी सोयही झाली नाही.

नागपूर विमानतळाजवळच्या मिहान प्रकल्पातल्या आयटी कॅम्पसांनी त्यात घड्याळाचा घोळ वाढवला, कारण तिथल्या पाळ्या अमेरिकेच्या वेळेशी बांधलेल्या असतात. न्यूयॉर्कचे सकाळचे 9 म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे 6:30 आणि हिवाळ्यात 7:30. मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पाळी एका तासाने सरकते. मार्चमध्ये ती अलीकडे येते. म्हणजे झोप लवकर आटपावी लागते, नेमकी ऊन तापू लागतं तेव्हा.

दिवसाची झोप नागपुरात सगळ्यात अवघड होते ती नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत. पारा 45 च्या आसपास आणि भरवसा कूलरचा. अंधारासाठी खोली गच्च बंद केली की ओल कोंडते, तासाभरात अंग चिकट होतं आणि झोप मोडते. कूलर खिडकीबाहेर ठेवून त्याच्या समोरच्या बाजूचं दार किंवा झरोका वीतभर उघडा ठेवावा लागतो, आणि त्या फटीवर जाड पडदा असा सोडावा लागतो की हवा खालून जाईल पण उजेड येणार नाही. टाकीला फ्लोट जोडलेला नसेल तर दुपारी 1-2 ला पाणी संपतं, पंप कोरडा फिरतो आणि पंखा गरम हवा फेकतो. 2005 नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत तर वीज जायची तीही दिवसा. जुलैत हवा दमट झाली की कूलर निरुपयोगी. मग नुसता पंखाच बरा.

आता 2025. सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांत दिवसाला 9 ऐवजी 12 तासांना मान्यता दिली आणि 21 नोव्हेंबरला नव्या कामगार संहिता लागू झाल्या. संहितेनुसार स्त्रिया संमतीने रातपाळी करू शकतात. 12 तासांची पाळी खरोखरच आठवड्यात चारदा असेल तर तीन रात्री घरच्या मिळतात. पण बुटीबोरीची ये-जा धरून 14 तास बाहेर गेले, तर उरलेल्या 10 तासांत झोप, जेवण, मुलं सगळं बसवायचं आहे. कलम 57 मधली व्याख्या यांपैकी व्यावसायिक सुरक्षा व आरोग्याच्या संहितेत कलम 28 म्हणून जवळजवळ जशीच्या तशी आली आहे: पाळी संपल्यापासून सलग 24 तास. कोणत्या गटाची पाळी कधी, हे आधीपासून ठरवून फलकावर लावण्याची पद्धतही जुनीच आहे. तक्ता कोणत्या दिशेने फिरवायचा आणि सीनंतर किती तास सोडायचे, हे मात्र 1948 प्रमाणेच आजही तक्ता आखणाऱ्याच्या हातात आहे.