‘गाडी आली की माणूस बसमध्ये बसत नाही’ हे खरं आहे का?

“एकदा चारचाकी दारात आली की माणूस बसची पायरी चढत नाही, त्याच्या इज्जतीचा प्रश्न असतो,” हे सोलापुरात वर्षानुवर्षं ऐकू येतं. इज्जतीचा भाग असतोच. पण मोठा अडसर आहे तो सवयीचा आणि चुकलेल्या अंदाजाचा.

जपानमध्ये ओसाकाजवळचा द्रुतगती मार्ग ८ दिवस बंद होता. सार्वजनिक वाहनाने किती वेळ लागेल, याचा अंदाज कारवाले आधी फुगवून सांगत होते, असं संशोधकांना दिसलं. नाइलाजाने प्रवास केल्यावर अनेकांचा अंदाज सुधारला आणि त्यांच्यातले काही जण रस्ता सुरू झाल्यावरही तसेच जात राहिले. क्योटोत विद्यार्थ्यांना महिनाभराचा मोफत बसपास दिला. पास संपून महिना झाला, तरी त्यांचा बसवापर आधीपेक्षा जास्तच होता.

आपल्याकडे बघा. जुळे सोलापूरहून नवी पेठेत कारने जाणारा ‘वीस मिनिटं’ सांगतो. पार्किंगसाठी मारलेल्या फेऱ्या आणि लांब गाडी लावून उलटं चालत येणं त्यात धरतच नाही. थांब्यावर उभं राहून काढलेलं मिनिट मात्र मनाला साधारण दुप्पट वाटतं. वाहतूक नियोजकही हिशेबात ते तसंच धरतात. त्यात सोलापूरचं एप्रिल-मेचं ऊन! म्हणून बस कधी येणार हे कळणं आणि थांब्यावर सावली असणं या चैनीच्या गोष्टी नाहीत. बसच वेळेवर नसेल, तर लोकांच्या मानसिकतेला दोष देणं अन्यायाचं आहे.

सवय सर्वांत सहज मोडते ती घर किंवा नोकरी बदलल्यावर, पहिल्या काही आठवड्यांत. मोफत पास द्यायचाच असेल तर तेव्हा द्यावा.